हिरा खराच होता, पण निम्म्याहूनही कमी: डायमंड व्हीलच्या खरेदीतील फसवणूक

टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या एंड मिल, रीमर आणि ड्रिल या कापणाऱ्या हत्यारांना धार लावून देणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्यासाठी लागणारी डायमंड व्हील्स, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली घासणीची चाके, मी अनेक वर्षे विकत घेत आलो आहे. तरीही एका नव्या पुरवठादाराने मला फसवले. त्याच्या व्हीलमधील हिरा खरा होता, कणांचा आकारही बरोबर होता. फक्त जितका हिरा सांगितला होता, त्याच्या निम्म्याहूनही कमी भरलेला होता. नकली हिऱ्याची शंका कोणालाही येते, कमी हिऱ्याची सहसा येत नाही, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. डायमंड व्हील संपूर्ण हिऱ्याचे नसते. ॲल्युमिनियमच्या किंवा तत्सम बॉडीच्या कडेवर काही मिलिमीटर जाडीचा थर बसवलेला असतो, आणि त्या थरात रेझिन, भरणीची पूड व हिऱ्याचे कण असतात. कण किती आहेत हे ‘कॉन्सन्ट्रेशन’ या आकड्याने सांगतात. हा आकडा टक्केवारीचा नाही, आणि तो तसा समजण्याची चूक मीही सुरुवातीच्या काळात केली आहे. कॉन्सन्ट्रेशन 100 म्हणजे थराच्या दर घनसेंटीमीटरमागे 4.4 कॅरट हिरा, म्हणजे आकारमानाने सुमारे चौथा हिस्सा. 75 म्हणजे 3.3 कॅरट आणि 50 म्हणजे 2.2 कॅरट. मी मागवलेले व्हील 150 मिलिमीटर व्यासाचे, 10 मिलिमीटर रुंदीचे आणि 3 मिलिमीटर थराचे होते. त्या थराचे आकारमान सुमारे 13.9 घनसेंटीमीटर भरते, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन 100 असेल तर त्यात 61 कॅरट, अर्थात जेमतेम 12 ग्रॅम हिरा हवा. व्हीलची किंमत प्रामुख्याने या 12 ग्रॅमची असते.

पुरवठादाराने प्रात्यक्षिक देऊ केले तेव्हा मला त्यात वावगे वाटले नाही. त्याने आधी काचेवर आणि मग कार्बाइडच्या तुकड्यावर व्हीलची कड ओढून ओरखडे उमटवून दाखवले. वास्तविक कार्बाइड घासण्यासाठी सिलिकॉन कार्बाइडची हिरवी व्हील्स पूर्वापार वापरली जात आहेत, त्यामुळे अशा ओरखड्यावरून हिरा आहे एवढेही सिद्ध होत नाही, मग किती आहे हे कळणे दूरच. त्यानंतर त्याने यंत्रावर एक एंड मिल घासून दाखवली आणि व्हील खरोखरच हलके, थंड चालले. मी ज्या गोष्टीवर भुललो ती हीच. कण कमी असले की प्रत्येक कणावर दाब जास्त येतो, तो खोल रुततो, आणि व्हील पहिल्या काही मिनिटांत उलट अधिक मोकळेपणाने कापते. झीज मात्र नंतर दिसते.

त्याच्या बोलण्यात दोन खुणा होत्या आणि मी दोन्हींकडे दुर्लक्ष केले. व्हीलमध्ये खाणीतला नैसर्गिक हिरा आहे, असे तो अभिमानाने सांगत होता. 1954 साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाल्यापासून हे क्षेत्र बदलत गेले, आणि आज उद्योगात वापरला जाणारा बहुतेक हिरा कृत्रिमच असतो. रेझिन व्हीलसाठी तर ठिसूळ, फुटून नवी धार देणारा कृत्रिम कणच सोयीचा. दुसरे म्हणजे हेच व्हील पोलादी टूलवरही तितकेच चालेल, असे त्याचे म्हणणे होते. हिरा म्हणजे कार्बन, आणि घासताना निर्माण होणाऱ्या उष्णतेत तो लोखंडात विरघळू लागतो. कठीण पोलादासाठी क्यूबिक बोरॉन नायट्राइड वापरतात ते याच कारणाने. ही प्राथमिक गोष्ट ज्याला माहीत नाही, किंवा माहीत असून जो वेगळे सांगतो, त्याच्याकडून मी व्हील्सचा पूर्ण लॉट घेतला.

दुसऱ्या आठवड्यापासून एंड मिलचा व्यास मापात राहीना. कामगाराचा हात, कूलंटचा प्रवाह, स्पिंडलचे बेअरिंग, या सर्वांवर संशय घेऊन झाला, आणि त्यात वेळ व काही तयार टूल्स दोन्ही वाया गेली. शेवटी जुने विश्वासाचे व्हील आणि नवे व्हील एकाच यंत्रावर, एकाच वेगाने चालवून कार्बाइडच्या ठोकळ्यातून दोन्हींनी 9 घनसेंटीमीटर कार्बाइड काढले. किती निघाले हे ठोकळ्याचे वजन करून आणि घनतेने भागून ठरवले. जुन्याचा व्यास 0.04 मिलिमीटरने कमी झाला, नव्याचा 0.11 ने. काढलेल्या कार्बाइडच्या आकारमानाला झिजलेल्या थराच्या आकारमानाने भागले की जी-रेशो मिळतो. जुन्याचा तो 95 च्या आसपास आला, नव्याचा 35.

मग एका व्हीलच्या थराचा तुकडा कापून प्रयोगशाळेत दिला. तेथे रेझिन जाळून काढले, धातू नायट्रिक आम्लात विरघळवला, भरणीची पूड वेगळी केली आणि उरलेला हिरा तोलला. दर घनसेंटीमीटरला तो 2 कॅरटहून किंचित कमी भरला.

अहवाल समोर ठेवल्यावर पुरवठादार अजिबात गोंधळला नाही. दर घनसेंटीमीटरला 4.4 कॅरट पावडर तोलूनच घातली आहे, असे तो म्हणाला, आणि ते बहुधा खरे होते. रेझिन व्हीलसाठी हिऱ्याच्या कणांवर निकेलचा मुलामा देतात, कारण त्यामुळे कण रेझिनमध्ये घट्ट बसतो आणि त्याची उष्णता रेझिनपर्यंत सावकाश पोहोचते. मुलामा उपयोगीच असतो, पण नेहमीच्या प्रतीत त्याचे वजन एकूण वजनाच्या 56 टक्के असते. म्हणजे अशा 4.4 कॅरट पावडरीत हिरा सुमारे 1.9 कॅरट, आणि बाकीचे निकेल. मी हिऱ्याच्या भावाने निकेल विकत घेतले होते. माझ्या ऑर्डरमध्ये केवळ ‘कॉन्सन्ट्रेशन 100’ एवढेच लिहिलेले असल्यामुळे तो या शब्दांच्या आडोशाला उभा राहिला आणि पैसे परत मिळाले नाहीत.

त्याच्याकडूनच घेतलेला सिंगल पॉइंट ड्रेसर, म्हणजे घासणीची चाके सरळ करण्याचा, टोकाला एकच हिरा असलेला दांडा, तोही मग तपासला. त्यावर अर्धा कॅरट असे कोरलेले होते. दांड्यातील ब्रेझिंग, म्हणजे हिरा पक्का करणारा धातूचा जोड, सोडवल्यावर आत त्याच्या तिसऱ्या हिश्शाचीही नसलेली कपची निघाली.

आता ऑर्डरमध्ये ‘मुलामा वगळून, दर घनसेंटीमीटरला इतके कॅरट हिरा’ असे स्पष्ट लिहितो, थराची जाडी व्हील आल्याबरोबर मोजतो, आणि प्रत्येक नव्या पुरवठादाराच्या पहिल्या लॉटमधील एक व्हील कापून तपासले जाईल, ही अट आधीच मान्य करून घेतो. या अटीनंतर दोघांनी दरपत्रक पाठवलेच नाही. फसलेल्या लॉटमधील उरलेली व्हील्स टाकून दिलेली नाहीत. त्यांच्या बॉडीवर लाल रंगाने 44 असे, म्हणजे त्यांचे खरे कॉन्सन्ट्रेशन, लिहिले आहे आणि ती फक्त कच्च्या घासणीसाठी वापरली जातात.