बावन्न आठवड्यांची पुस्तिका आणि माझी पेन्सिल

जानेवारीत नागपुरात सदरला चर्चच्या आवारात पुस्तकांचं टेबल लागलं होतं, तिथून ही पुस्तिका घेतली. किंमत ८० रुपये. गटाने बायबल अभ्यास करायचा तर ५२ आठवड्यांचे ५२ उतारे, प्रत्येकाला एक पान, पानाच्या तळाशी चार प्रश्न. मोहन नगरातली आमची गुरुवारची घरसभा सहा वर्षं मी चालवते. नऊ-दहा माणसं, आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी. दर बुधवारी रात्री ‘उद्या काय घ्यायचं’ म्हणून पानं चाळत बसायचा कंटाळा आला होता, म्हटलं वर्षाची सोय झाली. आता ऑक्टोबर लागला, चाळीस आठवडे वापरून लिहिते आहे. प्रकाशकाचं नाव देत नाही, कारण याच साच्यातल्या आणखी दोन माझ्या कपाटात पडल्या आहेत. एकट्या हिलाच कशाला बदनाम करायचं?

अक्षर मोठं आहे, हे आधी सांगते. आमच्यात तिघींचे मोतीबिंदू झालेत आणि संध्याकाळी दिव्याचा काही भरवसा नसतो. वेळेचा अंदाजही बरोबर बसतो. तासाभरात गाणं, वाचन, चर्चा, प्रार्थना उरकतं आणि चहा थंड होत नाही. लूकचा १५वा अध्याय तोडला नाही, ३२ ओव्या (म्हणजे आकडे घातलेली वचनं) सलग दिल्या, याबद्दल संपादकाला मनापासून शाबासकी. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, हरवलेला मुलगा हे तिन्ही दाखले येशूने कुणाच्या कुरकुरीवर सांगितले ते पहिल्या दोन ओव्यांतच आहे. त्या गाळल्या की, परत आलेल्या धाकट्यावर चिडलेल्या थोरल्या भावाचा राग कुणाला उद्देशून आहे ते कळतच नाही. फिलेमोनाचं पत्रही पूर्ण दिलंय. अर्थात २५ ओव्यांचं पत्र, त्यात तोडणार तरी काय!

बाकी ठिकाणी मात्र कात्री फार चालली आहे. अडतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. ‘कारण’ची तीन ठिपक्यांची खूण घालून कुणी सिद्धतेची पहिली ओळ लिहिली, तर मी लाल पेनाने विचारायची, कशाचं कारण? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात, मूळ ग्रीकच्या पहिल्याच वाक्यात, ‘कारण’ याच अर्थाचा शब्द आहे. पुस्तिकेने तेराव्या आठवड्याला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला दिला, २०:१ ते १६, म्हणजे विसाव्या अध्यायातल्या १ ते १६ ओव्या. अध्याय जिथे सुरू झाला तिथे उताराही सुरू. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले आणि नव्या करारातल्या ओव्यांचे आजचे आकडे १५५१ साली. मत्तयाने काही आकडे घालून लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी आमच्या मिस्त्रीभाऊंच्या घरी सभा होती. रोज सकाळी ठिय्यावर जाऊन मजूर आणणं हे त्यांचं काम. दाखला वाचून संपायच्या आत ते म्हणाले, “बाई, हे तं जमत नाही. सकाळपासून उन्हात राबला त्याले जेवढे, पाच वाजता आला त्याले बी तेवढेच? दुसऱ्या दिवशी सगळे पाचलेच येतील ना!” सगळे हसले. पुस्तिकेतला प्रश्न होता, ‘देव उदार आहे असे आपणांस वाटते का?’ यावर सगळ्यांनी शाळेतल्या हजेरीसारखं “होय” म्हटलं, आणि सभा तिथेच संपली असती.

मी सगळ्यांना बायबलात एक पान मागे जायला लावलं, १९:२७ ला. तिथे येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? दाखला त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. पहिले ते शेवटले होतील हे वाक्य १९:३० ला येतं आणि २०:१६ ला उलट्या क्रमाने परत येतं. मधला दाखला त्या दोन कड्यांत अडकवलेला आहे. मिस्त्रीभाऊ जरा वेळाने म्हणाले, “म्हणजे सकाळचा मजूर पेत्रच हाय का?” मग तीन पिढ्यांपासूनच्या सभासदांनी दोन वर्षांपूर्वी आलेल्यांना चर्चच्या कमिटीवर घ्यावं की नाही, यावर अशी जुंपली की चहा दोनदा गरम करावा लागला.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्राचं तेच. २९:११ ते १३ एवढंच दिलंय, कारण देवाने तुमच्या भल्याचं योजलंय असं सांगणारी अकरावी ओवी कॅलेंडरवर छान दिसते. तिच्या अगदी वरच्या ओवीत बाबेलात ७० वर्षं जातील असं सांगितलंय. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याच पत्रात, पाचव्या ते सातव्या ओवीत, तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं लावा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं आहे. आमच्या एका काकूंचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तो गेलाच, यंदा त्याने तिथे फ्लॅट घेतला. ४ ते १४ ओव्या घेतल्यामुळे त्या पहिल्यांदा या विषयावर बोलल्या. नुसती अकरावी घेतली असती तर मान डोलावून गप्प बसल्या असत्या.

आणि पुस्तिकेने काय टाळलं, तेही सांगते. करिंथकरांस पहिल्या पत्रातला १३वा, प्रेमाचा अध्याय आहे, आठवा गायब. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खावा की नाही, हा त्याचा विषय! नागपुरात शेजारच्या घरून मोदकांची ताटली येते तेव्हा दर भाद्रपदात प्रत्येक ख्रिस्ती घरात उभा राहतो तोच प्रश्न. मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि गणपतीच्या आठवड्यात ८वा अध्याय पूर्ण घेतला, जोडीला १०:२३ ते ३३. एकाने ८:४ धरलं, मूर्ती काहीच नाही, मग खायला काय हरकत? दुसरीने ८:९ धरलं, विश्वासात दुर्बळ असलेल्याला ठेच लागेल त्याचं काय? दहाव्या अध्यायात पत्र लिहिणारा पौल म्हणतो, जेवायला बोलावलं तर न विचारता खा. पण कुणी हे नैवेद्याचं आहे असं सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या जिंकल्या. सभेला नेहमी येणाऱ्या माझ्या कॅथलिक शेजारीण निघताना म्हणाल्या, “आमच्याकडे बायबलात ७३ पुस्तकं आहेत, तुमच्याहून जास्त, पण हा अध्याय तुमचा-आमचा एकच.”

छपाईचं थोडक्यात. पिनांचं बाइंडिंग मे महिन्यात कूलरच्या दमटीने सुटलं. प्रश्न चारपैकी तीन होय-नाहीचे आहेत. स्तोत्रं पूर्ण दिली आहेत, ते छान.

पहिल्यांदाच गट चालवणाऱ्याने घ्यायला हरकत नाही, पण उताऱ्यांची यादी म्हणूनच घ्यावी, आणि प्रत्येक उताऱ्याच्या आधीचा व नंतरचा परिच्छेद बुधवारीच वाचून ठेवावा. पाचपैकी तीन गुण. त्यातला एक लूक १५ चा.

या गुरुवारी योना आहे. पुस्तिका तिसऱ्या अध्यायावर थांबते, निनवे शहर पश्चात्ताप करतं आणि सगळं गोड. चौथ्यात योना रुसून बसतो आणि देवाच्या प्रश्नावर पुस्तक संपतं, उत्तर न देता. चारही अध्याय मिळून ४८ ओव्या, वीस मिनिटांत वाचून होतील. सभा माझ्याकडे आहे, तर्री-पोहे करणार आहे.