लेदर कोरलमध्ये राहणारे क्लाउनफिश: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मडगावच्या घरी दोनशे लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनफिशची (केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या छोट्या समुद्री माशांची) जोडी सोडून आता नऊ महिने झाले. हे मासे समुद्रात ज्याच्या आसऱ्याला राहतात ते समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोनी हा प्राणी) मी मुद्दामच ठेवले नाही, कारण ते जागा सोडून फिरते आणि पंपात अडकून चिरडले गेले तर सगळे पाणी नासते. परदेशातील टाक्यांत हे मासे ज्या हॅमर किंवा टॉर्च कोरलमध्ये मुक्काम करतात, ती कठीण प्रवाळे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. त्यामुळे तोही विचार सोडला. उरले ते मऊ प्रवाळांपैकी तळहाताएवढे, अळंबीसारखे दिसणारे लेदर कोरल.

पहिले पाच आठवडे जोडीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. दोघेही पंपामागच्या कोपऱ्यात झोपत. मग एके सकाळी मादी (जोडीतील थोराड आणि वरचढ मासा हाच मादी होतो) कोरलच्या काठाला अंग घासताना दिसली आणि आठवड्याभरात नरही तिच्यामागून तिथे राहायला गेला.

कोरलला हा पाहुणचार महागात पडला. लेदर कोरल एरवीही अधूनमधून मेणचट पापुद्रा धरून काही दिवस मिटते, म्हणून मी निर्धास्त होतो; परंतु पापुद्रा वाहून गेल्यावरही मासे घासतात तेवढीच बाजू मिटलेली राहिली, तेव्हा खरे कारण कळले. समुद्रफुलाला भरवावा तसा कोळंबीचा तुकडा मादी कोरलवर आणून ठेवते, पण त्याच्या बारीक पॉलिपना (कोरल ज्यांचे बनते त्या फुलासारख्या चिमुकल्या जिवांना) तो पकडता येत नाही आणि तुकडा घसरून वाळूत कुजतो. आता मी कोळंबी अगदी बारीक चिरून देतो आणि त्या कोपऱ्याची वाळू दर रविवारी नळीने उपसतो.

मे महिन्यात कोरल आणखी आक्रसले. पंख्याच्या वाऱ्याने बाष्पीभवन होऊन पाणी थंड व्हावे, ही युक्ती किनाऱ्यावरच्या दमट हवेत फारशी चालत नाही. शेवटी चिलर (टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावाच लागला आणि विजेचे बिल वाढले.

एवढे होऊनही मी क्लाउनफिश आणि लेदर कोरल हीच जोडी पुन्हा घेईन, मात्र कोरल दुप्पट मोठे घेऊन आणि ते टाकीत नीट रुजल्यावरच मासे सोडीन. मासे त्यातच राहतील, अशी विक्रेत्याने दिलेली हमी मात्र मनावर घेऊ नये. सध्या माशांच्या जोडीने अंडी घालण्याच्या तयारीने कोरलच्या बुंध्याजवळचा दगड तोंडाने साफ करायला घेतला आहे, त्यामुळे त्या बाजूची काच पुसताना मादी माझ्या बोटांना चावते.