एकट्या सशाला जोडीदार: कोणता आणावा, कुठून आणावा, आणि आणावाच का?

ससा दिवसभर कोपऱ्यात बसून राहतो, पिंजऱ्याचे गज चावतो, हात लावला की अंग चोरतो. मग घरात कुणीतरी म्हणतंच, ‘बिचाऱ्याला जोडीदार आणूया.’ विचार योग्य आहे. आपण घरी पाळतो तो ससा मूळचा युरोपातला, जमिनीखाली बिळांचं जाळं करून गटाने राहणारा. आपल्या माळरानावर दिसतो तो रानससा अगदी वेगळा: तो बिळं करत नाही, बहुतेक एकटाच असतो आणि त्याला पकडणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गावाकडचं कुणी ‘ससा एकटाच असतो’ असं सांगत असेल, तर ते रानसशाबद्दल खरं आहे. घरच्या सशाला सोबत लागते.

मात्र आधी तो एकटेपणाने मलूल झालाय की आजारी आहे, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. खाण्यात सुकं गवत कमी असेल तर दाढांना टोकं येतात, जीभ आणि गाल सोलले जातात आणि ससा चिडचिडा, गप्प होतो. लांबून पाहणाऱ्याला तो एकाकी वाटतो. लेंड्या लहान, कमी किंवा वेड्यावाकड्या व्हायला लागल्या तर जोडीदाराचा विषय बाजूला ठेवा. ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही. दुखणाऱ्या सशासमोर नवा ससा आणून ठेवणं म्हणजे त्याच्यावर दुहेरी ताण.

तपासणीत सगळं ठीक निघालं, तर पुढे पाच वाटा उरतात. माझ्या मते त्या एका तोलाच्या नाहीत.

नर आणि मादी, दोघांचीही नसबंदी झालेली

हीच जोडी सगळ्यात जास्त जमते आणि टिकते. ब्रिटनमधली सशांसाठी काम करणारी रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्थासुद्धा हाच सल्ला देते. नसबंदी फक्त पिल्लं थांबवण्यासाठी नसते. नसबंदी न झालेली मादी वयात आली की जागेवरून भांडते. पोटात काही नसतानाही तिला गर्भ राहिल्यासारखं वाटतं. ती छातीवरचे केस उपटते, तोंडात गवताचा जुडगा धरून खोलीभर फिरते, कोपऱ्यात घरटं रचते आणि जवळ येणाऱ्याला चावते. हे एकदा जवळून पाहिलं की तिला किती त्रास होत असेल हे वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय वय वाढलेल्या, नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो. मादी असेल तर जोडीदार येवो न येवो, हे ऑपरेशन करून घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

या वाटेतली खरी अडचण आहे डॉक्टर. कुत्र्या-मांजरांची ऑपरेशनं रोज करणाऱ्या प्रत्येकाला सशाची भूल देता येते असं नाही. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारखा मोठा दवाखाना असो किंवा तालुक्याचा सरकारी, तिथे सशांची ऑपरेशनं कोण करतं ते नाव घेऊन विचारा. मग त्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? ‘हो’ म्हणाले तर दुसरे डॉक्टर बघा. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे उपाशी ठेवायची गरज नसते, उलट पोट रिकामं राहिलं तर आतड्यांची हालचाल मंदावते. दुसरा प्रश्न, नंतर कोणतं औषध द्याल? तोंडावाटे अमॉक्सिसिलिन म्हणाले तर तिथूनच परत या. त्याने सशाच्या पोटातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जीव जाऊ शकतो. ज्यांना सशाचं काम माहीत आहे ते या प्रश्नांनी रागावत नाहीत.

ऑपरेशननंतर नर लगेच मादीजवळ सोडायचा नाही. त्याच्यात सहा आठवड्यांपर्यंत पिल्लं होण्याची क्षमता उरू शकते.

दोन नर किंवा दोन माद्या

पिल्लं असताना एकत्र वाढलेले दोन भाऊ किंवा दोन बहिणी छान राहतात, एकमेकांना चाटतात, चिकटून झोपतात. दुकानदार हेच दाखवून विकतो. साडेतीन-चार महिन्यांनंतर अंगात हार्मोन्स येतात आणि तेच भाऊ एकमेकांचे अंडकोष फाडायला धावतात. यात मी काही वाढवून सांगत नाही. नरांच्या भांडणात जखमा बहुतेक तिथेच होतात. दोघांचीही नसबंदी वेळेत झाली तर काही जोड्या टिकतात, बहिणींच्या जरा जास्त. पण घरी आधीच मोठा झालेला नर असेल आणि तुम्ही त्याच्यासाठी दुसरा अनोळखी मोठा नर आणत असाल, तर नकोच. मोठ्या मादीजवळ अनोळखी मादी आणणंही जवळपास तितकंच अवघड.

नसबंदी न करता नर-मादी

ही वाट मी सुचवत नाही आणि कारण साध्या हिशोबाचं आहे. सशाचा गर्भकाळ सुमारे एकतीस दिवसांचा. पिल्लं झाली त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. एका वेळी चार ते आठ पिल्लं सहज होतात. दोन-तीन महिन्यांत फ्लॅटमध्ये डझनभर ससे आणि घेणारं कुणी नाही, अशी अवस्था होते. मग ती पिल्लं पुन्हा त्याच बाजारात जातात, किंवा कुणीतरी ती टेकडीवर ‘मोकळी’ सोडतं. पांढरा पाळीव ससा तिथे एक रात्रही काढत नाही. कुत्री, मुंगूस, घार यांच्यासमोर तो लपूच शकत नाही.

गिनीपिग, मांजर, कुत्रा

‘गिनीपिग स्वस्त आहे, छोटं आहे, दोघं एकाच पिंजऱ्यात राहतील’ हे पेट शॉपमध्ये नेहमी ऐकू येतं. गिनीपिगसाठी हा सौदा वाईट आहे. सशाच्या मागच्या पायांची एक लाथ गिनीपिगच्या बरगड्या मोडू शकते. ससा धडधाकट दिसत असला तरी त्याच्या नाका-घशात बोर्डेटेला नावाचा जिवाणू असू शकतो आणि त्याने गिनीपिगला न्यूमोनिया होतो. गिनीपिगला आहारातून क जीवनसत्त्व मिळावंच लागतं, सशाचं शरीर ते स्वतः तयार करतं, म्हणजे एकच खाणं दोघांना चालत नाही. आणि दोघांची बोली निराळी: ससा डोकं खाली करून ‘मला चाट’ म्हणतो, गिनीपिगला त्यातलं काही कळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकटं पाळायला कायद्यानेच मनाई आहे, आणि त्याच्यासाठी अपेक्षित सोबत दुसऱ्या गिनीपिगचीच आहे.

मांजर आणि ससा एका घरात शांतपणे राहताना मी पाहिले आहेत. पण ती फक्त शेजारी राहण्याची सवय. सशाची सोबतीची गरज त्याने भागत नाही. मांजराच्या नखाचा साधा ओरखडाही सशात पिकतो. कुत्र्याबद्दल सांगायला नकोच, दोघांना एका खोलीत एकटं सोडू नये.

माणसाचीच सोबत

डॉक्टर मिळत नाही, जागा नाही, किंवा ससा सात-आठ वर्षांचा आहे आणि नव्या सशाची धावपळ त्याला झेपणार नाही. अशा घरांसाठी ही वाट प्रामाणिक आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. सशाची जाग पहाटे आणि संध्याकाळी असते. त्या वेळी जमिनीवर, त्याच्या उंचीला बसायचं, उचलून कुशीत घ्यायचं नाही. उचललं की बहुतेक सशांना शिकाऱ्याने पकडल्यासारखं वाटतं. कपाळावरून आणि कानांच्या मागून हात फिरवायचा. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे बोगदे, गवतात लपवलेली कोथिंबिरीची काडी, चावायला पेरूच्या झाडाची फांदी. घरातले सगळे सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परतत असतील तर मात्र ही सोबत फक्त नावापुरती राहते.

पिल्लू आणावं की मोठा?

बहुतेकांचा कल पिल्लाकडे असतो. माझा मोठ्याकडे आहे. पिल्लू आणताना ते नर आहे की मादी हे सांगणं अवघड असतं. दोन-अडीच महिन्यांपर्यंत अनुभवी माणूससुद्धा चुकतो आणि ‘जोडी आहे’ म्हणून दिलेले दोघंही नर निघतात. मोठ्या सशाचं लिंग, स्वभाव, तब्येत सगळं समोर दिसतं. पिल्लाला मोठ्या सशाने लाथाडलं तर त्याला ते झेपतही नाही.

दत्तक देणाऱ्या प्राणीप्रेमींकडे किंवा शहर सोडून जाणाऱ्या कुटुंबाकडे मोठे ससे बऱ्याचदा असतात. तुमचा ससा तिथे नेऊन दोन-तीन सशांना भेटवता आलं तर फारच उत्तम, कारण ससे एकमेकांना निवडतात आणि आपल्याला आवडलेला त्यांना आवडेलच असं नाही. क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारातून किंवा पेट शॉपमधून घेणारच असाल तर २०१८च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते, ती मागून बघा. कानाच्या आत खपली, नाकाच्या कडेला आणि पंजांवर पांढरट खरूज, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकट (वाहतं नाक पुसून पुसून होतात तसे), यातलं काही दिसलं तर तो ससा आधी दवाखान्यात. घरचा उपाय म्हणून कुत्र्याच्या गोचिडांचं फिप्रोनिल मात्र कधीही लावू नका, सशाला ते विषारी आहे.

कुठूनही आणला तरी पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह.

ओळख करून देताना

घाई केलेली जोडी बिघडते आणि बिघडलेली जोडी पुन्हा जुळवणं फार कठीण जातं. आधी दोन जाळ्या शेजारी, मध्ये चार बोटं अंतर. रोज दोघांच्या गवताची अदलाबदल, म्हणजे वास ओळखीचा होतो. दोघं जाळीलगत निवांत पसरायला लागले की दोघांनाही अनोळखी असलेल्या जागेत समोरासमोर आणायचं. बाथरूममध्ये किंवा शेजाऱ्यांच्या गॅलरीत, खाली सतरंजी टाकून, कारण गुळगुळीत फरशीवर पाय घसरले की ससा घाबरतो.

थोडा पाठलाग, अंगावर चढणं, केसांचा एखादा झुपका उडणं चालतं. शेपट्या वर करून दोघं एकमेकांभोवती गोल फिरायला लागले तर लगेच जाड टॉवेल मध्ये टाका. पुढच्या क्षणी ते एकमेकांना धरतात. चांगली खूण फार छोटी असते. एकजण मान जमिनीला टेकवून दुसऱ्याच्या हनुवटीखाली सरकवतो आणि थांबतो. दुसरा इकडेतिकडे बघतो, गवत खाल्ल्यासारखं करतो, आणि मग त्याचं कपाळ चाटायला लागतो. हे झालं की बरंच काम झालं. काही जोड्यांना आठवडा लागतो, काहींना दोन महिने. घाबरवून जवळ आणण्यासाठी गाडीत फिरवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. घाबरलेला ससा खाणं सोडतो.

वेळही बघा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे सोडतो आणि तिशीच्या वर पारा गेला की त्याला धाप लागते. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ऑपरेशन आणि नवी ओळख दोन्ही टाळा. दिवाळीनंतरचे महिने चांगले.

जागेबद्दल, जिचा उल्लेख वर केला त्या ब्रिटिश संस्थेच्या मते जोडीला निदान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा सतत मोकळी हवी. वन बीएचकेत ही जागा हॉलच्या एका बाजूला घडीचं कुंपण लावून काढता येते. बाजारातला दोन फुटी पिंजरा एकालाही पुरत नाही.

खर्च दुप्पट होतोच: गवत, भाजी आणि डॉक्टरही. जोडी एकदा जमली की दोघांपैकी एकाला दवाखान्यात न्यायचं असलं तरी दोघांनाही एकाच खोक्यातून न्यायचं. औषधाचा वास घेऊन परतलेल्याला घरी थांबलेला जोडीदार अनोळखी समजून हाकलतो आणि ओळख पुन्हा पहिल्या जाळीपासून सुरू करावी लागते.