कुरळ्या केसांना जेल: घरचं जवसाचं की बाटलीतलं?

भुसावळहून भाचीने विचारलं, "मावशी, जवस उकळू की बाटली आणू?" मी दोन्ही वापरलंय.

खर्चात जवस कितीतरी स्वस्त. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गॅस बंद. गरम असतानाच जुन्या पातळ ओढणीतून गाळायचं, गार झाल्यावर थेंबही उतरत नाही. हाच काय तो व्याप. शिवाय फ्रीजमध्ये जेमतेम आठवडा टिकतं. वास बदलला की फेकायचं. बाटली महिनोन्‌महिने राहते.

पण आपल्याकडचा मे महिना आठव. पारा ४० च्या वर, हवा कोरडी ठक्क. बाटलीवरच्या घटकांच्या यादीत ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत असेल, तर अशा हवेत ते केसातलाच ओलावा ओढून घेऊ शकतं आणि केस राठ होतात. पावसाळ्यात उलट, बाहेरची ओल शोषून फुगतात. जवसाने बटा मऊ, मोकळ्या राहतात; पकड मात्र हलकी.

लावायचं दोन्ही ओल्या केसांवरच.

रोज एसटीच्या खिडकीतल्या वाऱ्यात बटा टिकवायच्या असतील, तर कमी ग्लिसरीनची बाटली घ्यावी. केस कोरडे आणि रविवारी अर्धा तास हाताशी असेल, तर जवस. तुझे केस लहानपणापासून मीच विंचरलेत बाळा, तू जवसच उकळ.