पाटे नवीन सांगितले, निघाले ठोकळे

माझी पिकअप २०११ची. देवगडजवळ आमच्या बागेपर्यंत जांभ्याची पाणंद आहे. पावसात तिला चर पडतात आणि भरलेल्या गाडीचं पोट दगडाला घासतं. म्हणून फेब्रुवारीत, आंबा सुरू व्हायच्या आधी, हायवेलगतच्या एका गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. "काका, मोठे टायर टाकतो, मागे नवीन पाटे चढवतो, तीन इंच उचलून देतो. आरटीओचं टेन्शन घेऊ नका." पाटे म्हणजे मागच्या चाकांच्या ॲक्सलवर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) बसणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. ४६ हजार रोख मोजले. पक्कं बिल मागितलं तर टॅक्स वाढेल म्हणाला आणि वहीचं पान फाडून त्यावर आकडे लिहून दिले. तिथेच उठून यायला हवं होतं.

मार्चमध्ये पहिला माल घेऊन कोल्हापूरला निघालो. फोंडा घाट चढताना खालून घरघर येत होती. दाजीपूर सोडून राधानगरीकडे उतरताना समोर उसाचा ट्रॅक्टर आला. पेडल तळाला टेकलं तरी गाडी पुढे जातच राहिली. मुलाने दोन्ही हात डॅशबोर्डवर रोवले. कशीबशी कडेच्या मातीत घातली म्हणून वाचलो.

घरी आल्यावर गावातले जुने मिस्त्री गाडीखाली शिरले. "पाटे तुझे जुनेच आसत रे, वरसून काळो रंग मारलेलो हा." नखाने खरवडलं तर खाली गंज. पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडाचे ठोकळे होते, तेही दोन तुकडे वेल्डिंगने जोडलेले. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट इतके तोकडे की नटात अर्धेच आटे बसलेले. ॲक्सल खाली गेल्यामुळे मागची चाकं फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला होता, घरघर त्या शाफ्टच्या सांध्याची, म्हणजे क्रॉसची.

ब्रेकचं कारण मला माहीतच नव्हतं. माझ्या गाडीत मागच्या ॲक्सलपासून एका व्हॉल्व्हला दांडी जाते. माल भरला की गाडी बसते, दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. ठोकळ्यांनी गाडी उचलली, दांडी कुणी जुळवली नाही. भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामीच वाटत होती!

टायरही कोरे नव्हते, रिमोल्ड होते, म्हणजे जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेले. टायरच्या भिंतीवर डीओटी (DOT) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. माझ्या चारही टायरवर ती जागा घासून गुळगुळीत केलेली. आणि उंचीचा हिशोब तर गॅरेजवाल्याने सांगितलाच नाही. २१५/७५ आर १५ मापाचा टायर काढून २३५/७५ आर १५ टाकला तर टायरचा व्यास ३० मिलिमीटर वाढतो, म्हणजे गाडी उचलली जाते जेमतेम १५. शिवाय स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते.

आरटीओचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ आहे. कंपनीने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल चालत नाही. अपघात झाला असता तर विमावाल्यांशीही भांडण लागलं असतं.

गॅरेजवाल्याकडे पैसे मागायला गेलो तर वहीचं पान बघून म्हणाला, "हे माझं अक्षरच नाही." आवारात तेव्हा आणखी दोन पिकअप उभ्या होत्या, म्हणून हे लिहितोय. कुणी पाटे बदलून घेत असाल तर काम चालू असताना तिथेच थांबा आणि काढलेले जुने पाटे गाडीच्या हौद्यात टाकून घरी आणा. मी ते मागितलेच नाहीत.