सायलेंट हिल की डेड स्पेस: अंगावर काटा कुणाचं संगीत आणतं?

'सायलेंट हिल' हा भीतीचा व्हिडिओ गेम १९९९ चा, संगीत अकिरा यामाओका यांचं. 'डेड स्पेस' हाही तसाच खेळ, २००८ चा, संगीत जेसन ग्रेव्हज यांचं. दोन्ही ऐकून घाम फुटतो, पण वाटा अगदी वेगळ्या.

यामाओका धातूचा खणखणाट आणि यंत्रांची घरघर यांचंच संगीत करतात. धुक्यात समोरचं दिसत नाही आणि राक्षस जवळ आला की नायकाकडचा रेडिओ खरखरू लागतो. त्या खरखरीत संगीत मिसळलं, की नेमका धोका कुठला आणि पार्श्वसंगीत कुठलं, हे उमगेनासं होतं. आणि याच खेळाच्या सुरुवातीला मेंडोलिनची किती उदास, देखणी धून आहे!

ग्रेव्हज यांचा भर वाद्यवृंदावर. ठरीव सुरावटीऐवजी वादकांकडून किंचाळणारे, घासटणारे स्वर काढून घेतलेत. खरी करामत पुढे आहे: संगीताचे चार थर एकाच वेळी चालू असतात आणि धोका वाढेल तसा खेळच त्यांचा आवाज कमी-जास्त करतो. त्यामुळे तुम्ही कॉरिडॉरमध्ये थबकलात तर संगीतही दबा धरून बसतं. २००९ मध्ये या संगीताला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, तो रास्तच.

खेळताना मला 'डेड स्पेस' जास्त घाबरवतो. खेळ बंद करून, हेडफोन लावून नुसतं ऐकायचं तर मात्र यामाओकाच. ग्रेव्हज यांचे ते थर खेळाडूच्या हालचालीवाचून अर्धेच वाटतात. संगीतरचना शिकणाऱ्यांनी आधी 'डेड स्पेस' खेळावा, तोही एकाच खोलीत पुन्हा पुन्हा शिरून.