‘द लेडीकिलर्स’ची ८७ मिनिटांची ब्लू-रे घेऊ नका

१९५५ चा ‘द लेडीकिलर्स’ ९१ मिनिटांचा आहे. ऑनलाइन बाजारात ‘इम्पोर्टेड, रिस्टोअर्ड’ म्हणून विकली जाणारी त्याची एक ब्लू-रे प्लेअरमध्ये घातली की एकूण वेळ ८७ मिनिटं दिसते. बाकी काही न तपासता एवढ्यावरून माल खोटा असल्याचं सांगता येतं. तरीही ही डिस्क घेणारे बहुतेक लोक ती परत करत नाहीत. चित्र हलतंय, आवाज येतोय, वरचं मुखपृष्ठ ओळखीचं आहे, मग जुना सिनेमा असाच दिसत असेल अशी समजूत करून घेतात. विकणाऱ्याचा धंदा याच समजुतीवर चालतो.

सिनेमा लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक. किंग्ज क्रॉसजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात अ‍ॅलेक गिनेस खोली भाड्याने घेतो आणि संगीताच्या तालमीचा बहाणा करून दरोड्याचा बेत शिजवतो. टोळीत पीटर सेलर्स आणि हर्बर्ट लोम आहेत. ईलिंगच्या या सिनेमांचे हक्क आता स्टुडिओकनालकडे आहेत. ब्रिटनमध्ये २०१० साली त्याची ब्लू-रे आली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नव्या रिस्टोरेशनवरून फोरके आवृत्ती आली. हा सिनेमा तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरमध्ये चित्रित झाला होता, म्हणजे कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन वेगळ्या निगेटिव्ह चालत, प्रत्येकीवर एकेका रंगाची नोंद. नव्या आवृत्तीसाठी त्या मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन केल्या. खऱ्या डिस्कची किंमत या कामाची असते. खोट्या डिस्कमध्ये नेमकं हेच काम नसतं.

आता फसवणूक कशी होते ते पाहू. विक्रेता मोठ्या बाजारपेठेच्या साइटवरचा तिऱ्हाईत असतो, साइट स्वतः नव्हे. फोटो अस्सल आवृत्तीच्या मुखपृष्ठाचा, बहुधा दुसरीकडून उचललेला. वर्णनात ‘ऑल रीजन’, ‘इंग्लिश ऑडिओ’, ‘न्यू सील्ड’. काही जण तर ‘५.१ सराउंड’ही लिहितात. हा सिनेमा मुळात मोनो, म्हणजे एकाच मार्गाच्या आवाजाचा आहे, तेव्हा ते वाचूनच कान टवकारायला हवेत. किंमत फार उतरलेली नसते, कारण फार स्वस्त ठेवली तर गिऱ्हाईक बिचकतं. अस्सलपेक्षा थोडी कमी, इतकीच. आणि २००४ मध्ये याच नावाचा अमेरिकन रिमेक आला होता, त्यामुळे काही ठिकाणी पानावर दोन्ही सिनेमांचे शेरे एकत्र मिसळलेले असतात. पाच तारे टॉम हँक्सच्या सिनेमाच्या डिस्कला मिळालेले, माल मात्र भलताच.

पाकीट आलं की आधी फोटो काढा, मग सील फोडा. केस निळी प्लॅस्टिकची, बरोबर दिसते. कागद मात्र घरगुती प्रिंटरवर छापलेला असतो. मागच्या बाजूचा सगळ्यात बारीक मजकूर भिंगाखाली धरा. अस्सल छपाईत अक्षरांच्या कडा साफ असतात, इथे त्या स्कॅन करून पुन्हा छापल्यामुळे फुटतात. ब्रिटनमध्ये दुकानात विकल्या जाणाऱ्या सिनेमाच्या डिस्कवर बीबीएफसी या तिथल्या सिनेमा वर्गीकरण मंडळाचं वयोगट सांगणारं चिन्ह लागतं. ‘यू’चा हिरवा त्रिकोण, ‘पीजी’चा पिवळा, मोठ्यांसाठी वर्तुळं. खोट्या कागदावर हे चिन्ह एक तर धुरकट असतं किंवा नसतंच. ब्रिटिश आवृत्ती म्हणून विकलेल्या मालावर चिन्ह नसेल तर पुढे विचार करायची गरज नाही. बारकोडवर भरवसा ठेवू नका. ब्रिटनचे आकडे ५० ने सुरू होतात हे खरं, पण कागदासोबत बारकोडही जसाच्या तसा कॉपी होतो.

डिस्कच्या खालच्या बाजूचा जांभळट रंग पाहून ओळखायची युक्ती डीव्हीडीपुरती ठीक आहे. ब्लू-रेमध्ये कारखान्यात छापलेली आणि घरी बर्न केलेली डिस्क रंगावरून पटकन वेगळी काढता येत नाही. मधल्या भोकाभोवतीचं कडं पाहा. छापील डिस्कवर तिथे मॅट्रिक्स क्रमांक (त्या डिस्कच्या साच्याची खूण) आणि आयएफपीआय या अक्षरांनी सुरू होणारे, कारखाना सांगणारे बारीक कोड असतात. इथे बरेच जाणकारही गफलत करतात. कोऱ्या बर्न करायच्या डिस्कवरही तिच्या कारखान्याचा कोड असू शकतो. म्हणून ‘आयएफपीआय दिसलं, माल खरा’ हा निष्कर्ष चुकीचा. कड्यावर सिनेमाशी किंवा प्रकाशकाशी जुळणारा क्रमांक आहे का, की नुसता कोऱ्या डिस्कचा अनुक्रमांक, ते पाहायचं. वरच्या छपाईवर ओलं बोट फिरवलं की शाई निघते हेही खरं, पण ते अगदी शेवटी करा. खराब केलेली डिस्क परत घ्यायला विक्रेता नकार देतो.

निकाल लावणारी तपासणी संगणकावर होते आणि तिला दहा मिनिटंही लागत नाहीत. ब्लू-रे ड्राइव्ह हवा. इमगबर्न हा फुकट प्रोग्रॅम वाचनाच्या मोडमध्ये उघडला की उजवीकडे डिस्कचा प्रकार येतो. कारखान्यात छापलेली असेल तर बीडी-रॉम, बर्न केलेली असेल तर बीडी-आर. त्यानंतर डिस्कवरचे फोल्डर पाहा. व्यावसायिक छापील ब्लू-रेवर एएसीएस हे कॉपी-संरक्षण सक्तीचं आहे, त्यामुळे सिनेमा ज्यात असतो त्या बीडीएमव्ही फोल्डरच्या शेजारी एएसीएस नावाचा फोल्डर असतोच. बर्न केलेल्या कॉपीत तो सहसा नसतो. अमेरिकेत काही प्रकाशक मागणीनुसार बर्न केलेल्या डिस्क अधिकृतपणे विकतात, तेव्हा बीडी-आर दिसली की सरसकट चोर म्हणू नये. स्टुडिओकनालच्या ब्रिटिश आवृत्तीचं नाव लावून बीडी-आर आली असेल तर मात्र प्रश्न उरत नाही.

राहिली ती चार मिनिटं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. युरोपातल्या टीव्हीच्या पाल पद्धतीची डीव्हीडी २५ चौकटींनी चालते, म्हणून तोच सिनेमा ४ टक्के भराभर सरकतो आणि ९१ चे साधारण ८७ होतात. काहीही कापलेलं नसतं. जुन्या ब्रिटिश डीव्हीडीवर ८७ मिनिटं दिसणं अगदी रास्त आहे, ती बिचारी अस्सल आहे. ब्लू-रेवर मात्र २४ चौकटी थेट बसतात. तिथे ८७ मिनिटं निघाली याचा अर्थ कोणीतरी जुनी डीव्हीडी घेतली, तिचं ७२० बाय ५७६ चं चित्र ताणून १९२० बाय १०८० केलं आणि कोऱ्या डिस्कवर उतरवलं. डिस्कवरच्या चित्राचा तपशील सांगणाऱ्या बीडीइन्फो या प्रोग्रॅममध्ये हे स्पष्ट दिसतं. ब्लू-रेच्या नियमात १०८० ओळींचं चित्र २५ चौकटींनी प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक चौकट एकसंध, खूण ‘पी’) ठेवायची सोय नाही, म्हणून अशी डिस्क १०८०आय ५० दाखवते, म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या चौकटी. अस्सल १०८०पी, २३.९७६ किंवा २४. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे पाठवलेली अशी डिस्क तिथल्या अनेक प्लेअरवर चालतही नाही, कारण ५० हर्ट्झचं चित्र ते घेत नाहीत.

संगणक नसेल तर कानही कामी येतात. टोळी तालमीचा देखावा करते तेव्हा ग्रामोफोनवर बोकेरिनी या संगीतकाराची मिन्युएट ही रचना लागते. वेग वाढवलेल्या प्रतीत पट्टी वर सरकते, पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या साधारण ७० टक्के. अस्सल प्रत शेजारी लावली तर पेटी वाजवणाऱ्याला फरक लगेच कळेल. नुसत्या कानावर तक्रार मात्र टिकत नाही, पुरावा वेळेचाच द्यावा.

फोरकेच्या नावाखालची लबाडी आणखी ढोबळ असते. खऱ्या फोरके, म्हणजे यूएचडी डिस्कवर चित्र एचईव्हीसी या नव्या पद्धतीने दाबून साठवलेलं असतं आणि डिस्क ५०, ६६ किंवा १०० जीबीची. साधे ब्लू-रे ड्राइव्ह ती सहसा वाचूही शकत नाहीत. तुमच्या जुन्या ड्राइव्हमध्ये ‘फोरके’ डिस्क आरामात उघडली, आकार २५ जीबी निघाला आणि चित्र साध्या ब्लू-रेच्या एच.२६४ पद्धतीचं, तर तुम्ही साध्या कॉपीचे फोरकेच्या भावाने पैसे मोजलेत.

खोट्या मालाइतकीच ‘ऑल रीजन’ या दोन शब्दांनी लोकांना ठोकर लागते. डिस्क अस्सल असते, पण वर्णन खोटं. डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते तिचा रीजन ठरवतो. डीव्हीडीत ब्रिटन रीजन २ आणि भारत ५. ब्लू-रेत ब्रिटन बी, अमेरिका ए, भारत सी. त्यामुळे बी-लॉक असलेली ब्रिटिश ब्लू-रे पुण्यात किंवा न्यू जर्सीत विकत घेतलेल्या प्लेअरवर अडते. यूएचडी डिस्कला रीजन नसतो, पण त्याच खोक्यातली सोबतची साधी ब्लू-रे बी-लॉक असू शकते आणि जादा माहितीपट बऱ्याचदा तिच्यावरच असतात. डीव्हीडी प्लेअरचा लॉक कधी कधी रिमोटच्या कोडने निघतो, ब्लू-रेचा बहुधा हार्डवेअरमध्ये हात घातल्याशिवाय निघत नाही. लिहिलेलं आणि आलेलं जुळत नाही, एवढं कारण परताव्याला पुरेसं आहे.

तक्रार करताना कारण नीट निवडा. ‘डिस्क चालत नाही’ लिहिलंत तर विक्रेता आनंदाने दुसरी पाठवतो, तीही तशीच असते, आणि तोवर तक्रारीची मुदत संपते. ‘बनावट’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हेच निवडा. जोडीला चार फोटो लावा: कागदाचा जवळून, डिस्कच्या मधल्या कड्याचा, इमगबर्नमध्ये बीडी-आर दिसणारा आणि एकूण ८७ मिनिटं दाखवणारा. नेहमीचं पुढचं उत्तर असं असतं: ‘डिस्क ठेवून घ्या, अर्धे पैसे देतो, तेवढी केस बंद करा.’ केस बंद केलीत की बहुतेक ठिकाणी ती पुन्हा उघडता येत नाही. दुसरी चाल म्हणजे स्वखर्चाने परदेशी परत पाठवा असा आग्रह. टपालखर्च डिस्कपेक्षा जास्त होतो हे त्याला ठाऊक असतं. अशा वेळी साइटच्या माणसाला मध्ये घ्या आणि सगळं बोलणं साइटच्या संदेशांतच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ नका. पेपॅलने ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ निवडून पैसे पाठवले असतील तर खरेदीचं संरक्षण मिळत नाही, आणि विक्रेता तेच मागत असेल तर तिथेच सौदा सोडा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना व्यापाऱ्याकडून घेतलेला सदोष माल ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागायचा हक्क २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने दिलेला आहे. क्रेडिट कार्डाच्या बँकेकडून भरपाई मागू देणारं कलम ७५ मात्र १०० पौंडांच्या वरच्या वस्तूला लागू होतं, एकट्या डिस्कला नाही. तिथे बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून मागावा. भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. ते झालं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला असेल तर सायबर फसवणुकीसाठीचा १९३० क्रमांक, तोही जितक्या लवकर फिरवाल तितका उपयोगाचा. भारतात काढलेल्या डिस्कवर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ प्रमाणे निर्मात्याचं नाव-पत्ता आणि हक्कदाराचा तपशील छापलेला हवा. नसेल तर तक्रारीत त्याचा उल्लेख करा. जाता जाता, धोकादायक गुन्हेगारांना स्थानबद्ध करण्याच्या महाराष्ट्राच्या एमपीडीए कायद्यात हातभट्टीवाल्यांच्या आणि झोपडपट्टीदादांच्या रांगेत व्हिडिओ पायरेट्सनाही बसवलेलं आहे. म्हणून ‘चला, ओएलएक्सवर काढून टाकू’ असं करून तीच कॉपी दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला दोन फोटो मागा. एक डिस्कच्या खालच्या बाजूच्या कड्याचा, दुसरा प्लेअरवर एकूण वेळ दिसणारा. सीलबंद असल्यामुळे फोटो देता येत नाही असं म्हणाला तर मागच्या कागदाचा, बीबीएफसीच्या चिन्हासकट, जवळून फोटो मागा. त्यावरही ‘१०० टक्के ओरिजिनल आहे सर’ एवढंच उत्तर आलं, तर ऑर्डर देऊ नका.